अक्षतांच्या आधीचा फोन

सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना तिथल्या समुपदेशक बाईंनी मला एकच काम दिलं. वयाने त्या माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. दारू सोडून काही वर्षं टिकलेला एक माणूस निवडायचा आणि तलफ आली की पहिला फोन त्याला करायचा. बायकोला नाही, ती आधीच दमलेली असते. जुन्या मित्रांना तर नाहीच.

"निवडाच, सर. एकट्यानं जमत नाही. इथं परत या, पण फक्त तपासणीला," त्या म्हणाल्या.

साताऱ्यात दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात आमच्यासारख्यांची बैठक भरते. बाकं लहान मुलांची. पन्नाशी ओलांडलेली माणसं गुडघे छातीशी घेऊन आपापली पडझड सांगतात, मागे भिंतीवर पाढे. दारू सुटल्यावर सगळ्यांना म्हणे हलकं वाटतं. मला नुसती झोप यायची. कॉलेजात इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा पराभूतांच्या हकिगती मला नव्या नव्हत्या. त्यांच्यातच आपली हजेरी लागणं नवं होतं.

निवडण्याजोगे दोघे होते. एक वकील. भरपूर वाचलेले, तिरकस बोलणारे, बैठकीतल्या सुविचारांवर हळूच हसणारे. दुसरे कोरेगावकडचे सूत्रसंचालक. लग्नं, वाढदिवस, पुढाऱ्यांचे सत्कार, जिथे माइक तिथे ते. आमच्या वर्गातही ते "सन्माननीय व्यासपीठ" म्हणून सुरुवात करायचे. व्यासपीठ नव्हतंच, फळा होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला गुलाबाचं फूल देऊन माझं स्वागत केलं, "संकट ही संधीची थोरली बहीण" असं सांगितलं आणि माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर स्वतःच घातला. त्यानंतर मी त्यांच्यापासून दोन बाकं लांब बसू लागलो.

अर्थातच मी वकील निवडले. बैठकीनंतर आम्ही चहा प्यायचो, पुस्तकांवर बोलायचो, इतरांची टिंगल करायचो. त्यांच्यासोबत मी हुशार वाटायचो. निदान मला.

मग तपासणीसाठी सांगलीला गेलो. डॉक्टरांनी माझ्या यकृताचं कौतुक केलं, आणि तिथेच घात झाला. एवढं शहाण्यासारखं वागलेल्या यकृताला काहीतरी बक्षीस द्यावं, असं स्टँडकडे चालताना वाटायला लागलं. स्टँडसमोर परमिट रूम होती. उन्हाने डांबर मऊ झालेलं. मी बाकावर बसलो आणि वकिलांना मेसेज लिहायला घेतला. एक शब्द खोडला, दुसरा घातला. पुन्हा वाचला. 'तलफ' फार उघडं वाटलं, म्हणून काहीतरी सूचक लिहिलं. समोर परमिट रूम उघडी होती आणि मी वाक्य घासत होतो! या माणसापुढे मला कधीच केविलवाणं दिसायचं नव्हतं, हे तेव्हा कळलं. मेसेज तसाच राहिला.

सूत्रसंचालकांचं माझ्याबद्दल काय मत होईल, याची मला कवडीची फिकीर नव्हती. मी त्यांचा नंबर लावला.

"बोला सर!" मागे मंगल कार्यालयाचा कल्ला.

"कामात आहात?"

"अक्षता पडायच्यात. पावण्यांची नावं वाचतोय. तुमी कुठं हायसा?"

"सांगली स्टँडवर. समोर..."

मग फोनपासून लांब त्यांचा आवाज आला, "ए, धर ह्यो माइक."

आमच्याकडे अक्षतांच्या आधी आलेल्या पुढाऱ्यांची नावं वाचतात. एखादं राहिलं, तर मुलीच्या बापाला पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. तिकडे कुणीतरी ओरडलंच, "आवं, सायबांचं नाव ऱ्हायलंय! सायेब हिकडंच बघाय लागल्यात!"

"बघू द्या. लय दिसांनी कायतरी बघत्यात." मग मला, "बसलाय का उभं हाय?"

"बसलोय. अहो, पण तुमचं लग्न—"

"माझं कवाच झालंय. ह्येंचं हुईल. बसूनच ऱ्हावा. उठायचं ते गाडीला."

मग ते बोलत राहिले. दुसरं काही येत नसल्यामुळे त्यांनी मला त्या लग्नाचं धावतं वर्णन ऐकवलं: नवरदेवाचा फेटा कसा डोळ्यावर आला, मामा कुठे हरवला, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशींना कसं कुणी थांबवू शकत नाही. मधूनमधून सुविचार. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. मी फक्त ऐकत होतो. साताऱ्याची गाडी लागली.

"खिडकीत बसा. कऱ्हाड आलं की फोन."

कऱ्हाडला केला. पहिल्याच रिंगला उचलला.

ही हकीकत ते आता दर गुरुवारी नाव न घेता सांगतात. तीत मी 'एक थोर इतिहाससंशोधक' असतो आणि 'मृत्यूच्या दारात' उभा असतो. मी रस्त्याच्या अलीकडे बाकावर होतो. साहेब रुसले, त्यांच्या कार्यक्रमांना आता दुसरा माणूस माइक धरतो, हेही ते अभिमानाने सांगतात. ऐकताना मी पाढे वाचत बसतो. वकिलांशी अजून पुस्तकांवर बोलतो. दुसऱ्या कशावर बोलत नाही.

गेल्या गुरुवारी मी दोन बाकं पुढे सरकून सूत्रसंचालकांशेजारी बसलो आणि रीतसर विचारलं, "माझा माणूस व्हाल का?"

"व्हय की. पन येक अट हाय."

"कसली?"

"दोन शब्द बोलू द्यायचे."

मी मान हलवली. ते उठले आणि कुडता झटकून फळ्याकडे निघाले.