अंगड्याचा रंग

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तीर्थपुरीला आमच्या घरी माझी आत्या हातमशिनीवर चोळ्या शिवायची. नवऱ्यानं टाकलेली होती, पण तिच्या शिलाईवर बायका खूश. तिनं चोळीला फुग्याची बाही काढली, तर पुढच्या बाजारी आष्टीच्या बायकाही तसलीच मागत आल्या.

त्या साली माझा धाकटा भाऊ देवी येऊन गेला. चार वर्षांचा होता. त्याचे सगळे कपडे जाळले. फोटो कधी काढलाच नव्हता. आई रडली नाही. जेवणही सोडल्यासारखंच होतं. एकदाच आत्याला म्हणाली, "आक्का, मला त्याचं तोंड आठवंना झालं. तुम्ही शिवलेलं अंगडं तेवढं दिसतं."

आत्यानं बाजारातून रंगाच्या पुड्या आणल्या आणि मागच्या खोलीत पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीवर चिंधीनं रंग फासायला लागली. चित्र नव्हतंच. नुसते पट्टे आणि डाग. जांभळे, विटकरी, मध्येच काळपट. शेजारीण चोळीचं माप द्यायला आली, तिनं आत डोकावलं.

"काय गं, देव काढून राह्यली का भूत?"

"ज्याला जे दिसंल ते. हात वर कर."

मी त्या खोलीत एकटी जात नसे. डागांच्या मागं कुणी उभं आहे असं वाटायचं. आई तर तिकडं फिरकतही नव्हती.

मग एका दुपारी ती आपणहून आत गेली. भिंतीपुढं बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "इतका गडद न्हवता. धुऊन धुऊन विटला व्हता."

तेव्हा मला कळलं. आत्या इतके दिवस त्या अंगड्याचा रंग शोधत होती आणि दर वेळी चुकत होती.

त्या दिवसापासून दोघी मिळून रंग कालवायला लागल्या. आई दोन घास खायला लागली. असंच त्यांच्याजवळ बसले असताना मी म्हणाले, "पण अंगडं हिरवं व्हतं ना?"

दोघींचे हात थांबले.

"हिरवं कव्हा व्हतं?" आई ओरडली. "आक्का, तुम्ही शिवलं. सांगा की हिला."

आत्यानं भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मलाच आता न्हाई सांगता येत, माय."

आई उठली. पांढरी माती कालवली आणि सगळी भिंत एकटीनं पोतारून काढली. कुणी तिला अडवलं नाही.

पावसाळ्यात भिंत ओलावली आणि आतले रंग फुटून वर आले. एकमेकांत मिसळून एकच डाग झाला, लहान लेकराएवढ्या उंचीचा. आईनं आपली खाट त्या भिंतीला लावली. तो डाग कोणत्या रंगाचा आहे, हे आम्ही तिघींनी एकमेकींना कधीच विचारलं नाही.