लातूरची दुपारची झोप

बावीस वर्षं नांदेड-लातूर बस चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही, हे मी कुणी न विचारताही सांगायचो. पन्नाशी ओलांडली आणि झोप गेली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं आणि पहाटे उठून ड्युटीवर जायचं. माझ्या वडलांचं असं नव्हतं. दिवसभर औतामागं चालायचे आणि बांधावर आडवे झाले की घोरायला लागायचे. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. माझ्याकडे गादी होती, पंखा होता, पण दिवसभरात पाय क्लच आणि ब्रेक सोडून कुठे जात नव्हते.

एके दिवशी परतीच्या फेरीला, लोहा गाव सोडल्यावर, भर उन्हात माझा डोळा लागला. क्षणभरच. डावी चाकं रस्त्याकडेच्या मुरमात उतरली आणि कंडक्टरताई ओरडल्या, "भाऊ!" गाडी सावरली. प्रवाशांना वाटलं, खड्डा असेल.

"डोळे झाकले व्हते तुमचे. म्या पाह्यलं," नांदेडला उतरल्यावर त्या म्हणाल्या.

"न्हाई ओ, ऊन चमकून राहिलं व्हतं," मी त्यांच्यावरच खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा.

"लेकरं हायत माझी घरी. अजून एकदा झालं तर डेपोत सांगीन."

दुसऱ्या दिवसापासून तिकिटं देऊन झाली तरी ताई आपल्या सीटवर बसेनात. माझ्या मागच्या दांडीला धरून उभ्या राहायच्या आणि नांदेड येईपर्यंत बोलायच्या. जावेचं भांडण, नळाचं पाणी, लेकीची परीक्षा. मला राग यायचा. त्याहून जास्त भीती वाटायची, कारण पुन्हा डोळा लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, चाला. मग संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर विष्णुपुरीच्या रस्त्यानं तासभर चालायला लागलो. चालून झालं की टपरीवर चहा, गप्पा रंगल्या की दुसरा. महिना गेला तरी झोपेचा पत्ता नाही. बायको म्हणाली, "चालायला जाता का चहा प्यायला?" चहा सोडला. थोडा फरक पडला, पण थोडाच.

खरी चूक दुसरीच होती, आणि ती आम्हा ड्रायव्हर लोकांची जुनी सवय आहे. लातूरला गाडी लागली की डबा खायचा आणि मागच्या लांब सीटवर, तोंडावर टॉवेल घेऊन, दीड-दोन तास ताणून द्यायची. रात्रीची झोप मी तिथेच संपवत होतो. सवय मोडेपर्यंत स्टिअरिंग हातात नको म्हणून पंधरा दिवस रजा टाकली. सकाळ-संध्याकाळ चाललो, दुपारी पाठ टेकली नाही. पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यांवर चिडचिड केली. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवून आडवा झालो तो थेट कोंबडा आरवल्यावरच जागा झालो.

रजा संपल्यावर लातूरच्या स्टँडवर डबा खाऊन मी चालायला निघायचो. सीटवर लोळलेले सोबती विचारायचे, "काय ओ, पायीच जाता का नांदेडला?" मी हसून पुढे जायचो. परतीला डोळे लख्ख उघडे असायचे. ताईंना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दांडी काही सोडली नाही. मला ते लागलं, पण चूक माझीच होती.

असे दोनेक महिने गेले. एका दुपारी लोह्याला दोन तिकिटं दिल्यावर ताईंचा आवाज येईना. आरशात पाहिलं. त्या दाराजवळच्या आपल्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर तिकिटाचं मशीन, डोकं खिडकीला टेकलेलं. गाढ झोपल्या होत्या. त्या मुरमाच्या जागी आलो तेव्हा माझे डोळे भरून आले. गाडी हळू काढली, हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

नांदेडच्या स्टँडवर सगळे उतरले तेव्हा त्यांना हाक मारली.

"ताई, उठा. म्या डेपोत सांगत न्हाई."