अण्णांच्या डाव्या हाताखालची जागा

"मनोजभाऊ, अण्णांचा हात कशावर आहे, ते आधी सांगा," मी म्हणालो.

मनोज स्क्रीनजवळ वाकला. फोटोत कारखान्याच्या गेटसमोर चार माणसं उभी होती. डावीकडून तिसरे त्याचे वडील. त्यांचा डावा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरलेला, बोटं किंचित वळलेली. शेजारच्याच्या खांद्यावर ठेवतात तसा. पण शेजारी कुणी नव्हतं. एका माणसाची जागा मोकळी, मग पलीकडे चौथा माणूस.

"हवेत आहे," मनोज म्हणाला. "म्हणून तर म्हणतोय, ही गॅप बंद करा. हाच फोटो कव्हरला जाणार."

उल्हासनगरात माझं जुने फोटो स्कॅन आणि दुरुस्त करायचं दुकान आहे. अण्णा म्हणजे अंबरनाथच्या कामगारांचे पुढारी. मागच्या वर्षी वारले. मनोज बदलापूरला इमारतींची कंत्राटं घेतो. वडिलांवर स्मृतिग्रंथ काढायचा म्हणून त्याने युनियन ऑफिसातली फोटो आणि निगेटिव्हची अख्खी ट्रंक माझ्याकडे आणून टाकली होती.

"एकच फोटो असता तर मी विचारलंच नसतं," मी म्हणालो आणि बाकीचे उघडले.

गेटवरच्या सभा, करारावर सह्या, ऑफिसची पूजा. आधी ब्लॅक अँड व्हाईट, मग कलर. फोटोग्राफर निरनिराळे. अण्णांचे केस पिकत गेलेले. ग्रुप फोटो म्हटला की त्यांच्या डाव्या बाजूला तेवढीच मोकळी जागा, आणि त्या जागेवर हात.

मनोजने एकेक फोटो पाहिला. मग म्हणाला, "लोकांना वाटेल कुणालातरी उडवलंय. विरोधी युनियनवाले आधीच बोलतात, अण्णांनी माणसं वापरली आणि फेकली. हे छापलं तर त्यांच्या हातात आयता पुरावा."

मलाही आधी तीच शंका आली होती. पूर्वी माणूस काढायचा तर निगेटिव्ह ब्लेडने खरवडत. खरवडलेल्या जागी फोटोचा बारीक दाणा तुटतो, भिंगाखाली लगेच दिसतं. मी प्रत्येक निगेटिव्ह तपासली होती. दाणा सगळीकडे अखंड. मागची गेटची जाळी सलग. तिथून कुणाला काढलेलं नव्हतं. तिथे कुणी उभंच नव्हतं.

मला मोजायची सवय आहे. हाताची उंचीही मी मोजली होती. पहिल्या फोटोत तो अण्णांच्या खांद्याच्या रेषेत होता. पुढे वर्षागणिक थोडा थोडा खाली. हाताखालचा माणूस म्हातारा होत वाकत जावा, तसा. मनोजला ते आकडे दाखवले.

"त्यांचा खांदा धरला होता," मनोज म्हणाला. "हात वर जायचा नाही."

मी ते मान्य केलं. दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं.

त्याच्या सांगण्यावरून एक सँपल बनवलं. चौथ्या माणसाला डावीकडे सरकवलं, अण्णांचा हात खाली घेतला, जाळी जुळवली. काम स्वच्छ झालं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं तर चौघे उगाचच एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने उभे असल्यासारखे वाटले. मी फाईल बंद केली.

कव्हरचा प्रश्न तसाच ठेवून फोटोखालची नावं घ्यायला लागलो. ती कुणाला माहीत असणार? मनोजने शेवंताबाईंना आणलं. बुवापाड्यातल्या. युनियन ऑफिसात वर्षानुवर्षं चहा-पाणी, झाडलोट त्यांनीच केलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मनोज लहानपणापासून त्यांना मावशी म्हणतो.

"डावीकडून सांगा मावशी," मी गेटचा मूळ फोटो लावला.

"हे जाधव. हे पवार. हे अण्णा. हे आमचे. आणि शेवटचा शिंदे."

मी टाईप करता करता थांबलो. "आमचे म्हणजे?"

"आमचे म्हणजे आमचे," त्या हसल्या. "तुमची बायको तुम्हाला काय म्हणते?"

त्यांचं बोट मोकळ्या जागेवर होतं. मी मनोजकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता.

मी पुढचा फोटो लावला. पुन्हा तसंच. अण्णा, आमचे, शिंदे. एका कलर फोटोवर त्या थबकल्या. "इथं जरा वाकलेत. गुडघ्यांनी छळलं असणार."

त्याच फोटोत हात खाली आलेला मी मोजला होता.

शेवटचा फोटो बदलापूरच्या घरातला. अण्णा खुर्चीत, मागे उभे असलेले कामगार. अण्णांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आणि तिच्या हातावर अण्णांचा हात.

"बसले एकदाचे," शेवंताबाई म्हणाल्या. "किती वर्षं उभे होते."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्याच्या टाळेबंदीत एका संध्याकाळी अण्णांनी त्यांच्या नवऱ्याला निरोप देऊन उल्हासनगरला पाठवलं. तो वालधुनी नदीच्या कडेने निघाला. निरोप पोचला नाही, माणूस परतला नाही, काही सापडलंही नाही. अण्णा घरी येऊन म्हणाले, वहिनी, मी पाठवला. येईपर्यंत त्याची जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही.

"फोटोवाले ओरडायचे, सरका, जवळ या. अण्णा म्हणायचे, माणूस येतोय. काढ तू."

फाईल शोधताना माझ्या हातून सँपल उघडलं गेलं. त्यांनी ते पाहिलं.

"ह्यात हे कुठं गेले?"

मनोज पुढे झाला. "मावशी, ते कव्हरसाठी... लोकांना कळत नाही ना. आणि काका तर आता..."

"आता काय? बोल ना बाळा."

त्यांचा हात मंगळसूत्रावर गेला होता. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांच्यासमोर कुणी पुरं केलं नव्हतं. मनोजलाही जमलं नाही.

मी मूळ फोटो परत लावला. "नाव लागेल मावशी. पूर्ण."

"मी कसं घेऊ ह्यांचं नाव? मनोज, तू सांग."

"गणपत सावंत," मनोज म्हणाला.

मी टाईप केलं आणि सवयीने विचारलं, "आधी कै. लावू?" वारलेल्यांच्या नावाआधी लावतात. जाधव, पवार, अण्णा, शिंदे, सगळ्यांना लावलं होतं. शेवंताबाई मनोजकडे बघत राहिल्या.

"नको," तो म्हणाला. "नुसतं गणपत सावंत. आणि ते सँपल डिलीट करा."

त्यांच्यासमोरच केलं.

ग्रंथ छपाईला गेला. प्रेसमधल्या लालूभाईचा फोन आला. माणूस चोख, प्रत्येक फोटोतली डोकी मोजून नावांशी ताडून बघतो.

"साहब, कव्हर में गडबड है. मुंडी चार, नाम पाँच. चारों स्वर्गवासी, और जो दिखता नहीं वो अकेला ज़िंदा? कौनसा नाम काटूँ?"

"एकही नको. हिशेब बरोबर आहे," मी म्हणालो. "तसंच छाप."

तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ जास्त असते: फोटोतल्या मोकळ्या जागेला हात लावला जाणार नाही. गिऱ्हाईक कारण विचारतं. मी पॉलिसी आहे म्हणतो.