लॅमिनेशन केलेला बर्फ

लॅमिनेशनची मशीन ज्यानं शोधली, त्याला एकदा आमच्या गारखेड्याच्या घरी बोलावून चार शब्द सुनावायचेत. आमच्या घरात त्याच्या तावडीतून सुटलेला कागद नाही. जातीचा दाखला, माझी दहावीची मार्कशीट, बहिणीची लग्नपत्रिका, इतकंच काय, शेगडीचं वॉरंटी कार्डसुद्धा! हे सगळं बाबांचं काम. तरुणपणी गंगापूरहून मुलाखतीला निघाले, तेव्हा वाटेत शाळेचा दाखला भिजला, शाई पसरली. तारीख वाचता येत नाही म्हणून साहेबानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून महत्त्वाचा कागद दिसला की बाबा निघाले झेरॉक्सवाल्याकडे.

मी लेण्यांमध्ये जपानी पाहुण्यांचा गाइड आहे. एक आजी दर हिवाळ्यात यायच्या. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रात गळ्यातल्या मोत्यांवर टॉर्च बाजूनं धरला की मोती उठून दिसतात. हा आम्हा गाइड लोकांचा ठरलेला खेळ, पण आजी दरवेळी नव्यानं टाळ्या वाजवायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. आता येणं होणार नाही म्हणाल्या आणि जाताना एक चित्र हातात दिलं. लाकडी ठशांवरून हातानं छापलेलं. निळा डोंगर, तळं, काठावर दोन झाडं आणि सगळीकडे बर्फ. त्यांच्या नवऱ्यानं छापलेलं, आणि तो आता नव्हता.

"यातल्या बर्फाला रंगच नाही," आजी म्हणाल्या. "कोरा कागद कोरलेल्या फळीवर दाबून दाबून उठवलाय. समोरून बघू नका. खिडकीपाशी धरा, उजेड बाजूनं येऊ द्या. तुम्ही मला मोती दाखवलेत, मी तुम्हाला बर्फ दाखवते. दिसला की सांगा."

एवढंच मागितलं बाईंनी. आणि मी काय केलं? घरी येऊन एकदा चित्र समोर धरून पाहिलं, कॅलेंडरवर असतं तसं वाटलं, आणि पुठ्ठ्याच्या फाइलीत घालून कपाटावर टाकलं. फोनवर आजी विचारायच्या, "बर्फ दिसला का?" मी आपला म्हणायचो, "हो हो, फारच सुंदर!" लोकांना मोती दाखवून पोट भरणारा माणूस मी, पण स्वतःला खिडकीपर्यंत जायला फुरसत नव्हती. लाज वाटते सांगायला.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा मेसेज आला. आईची नजर गेलीय. या चित्राच्या बाकीच्या प्रती कधीच विकल्या गेल्या, घरात एकही नाही. रविवारी सकाळी ती फोन लावून देईल. आईला बर्फ कसा दिसतो ते तुमच्याकडून नीट ऐकायचंय.

रविवारी आंघोळ करून फाइल काढली. चित्र हाताला गार, गुळगुळीत लागलं. वरून खालून प्लॅस्टिक! खिडकीपाशी नेलं, तिरपं केलं, टॉर्च लावला. प्लॅस्टिकमध्ये आमचा छताचा पंखा दिसला, बर्फ काही दिसला नाही. गरम रोलरखालून गेलेला कागद पार सपाट झाला होता.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

"व्हय. काहून?"

"कुणी सांगितलं होतं? एक वस्तू तरी या घरात आहे तशी राहू द्याल का? पार वाटोळं केलंत तुम्ही!"

एवढा आवाज मी बाबांवर कधी चढवला नव्हता. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. बाबा खुर्चीतून उठले नाहीत, नुसता चष्मा पुसत राहिले.

"तू तर कपाटावर फेकून दिलं व्हतं," ते म्हणाले. "मी रोज दुपारी काढून बघायचो. लई भारी व्हतं ते. ते पांढरं फुगल्यालं बोटाला लागायचं. बोटं लावू लावू मळंल म्हणून नेलं."

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला. आजींनी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "बर्फ कसा आहे?"

"हो हो" ओठांवर आलंच होतं. पण बाबा समोर बसलेले. मी सांगून टाकलं, मी पाहिलाच नाही, खोटं बोलत होतो, आणि आता तो दिसणारही नाही. माझ्या वडिलांनी मात्र पाहिलाय. 

"मग त्यांना विचारा ना," आजी म्हणाल्या.

बाबा बोलत गेले, मी जपानीत सांगत गेलो. डोंगरावरचा बर्फ जाड, सायीवानी. तळ्याकाठी पातळ होत गेलेला. आजींनी मध्येच थांबवलं. "आणि झाडांवरचा?"

बाबांनी डोळे मिटले, अंगठा बोटांवर घासला. "डाव्या झाडावर बारीक दाणे लागत्यात. उजव्यावर काहीच नाय, नुसता कागद. छापणाऱ्याचं ऱ्हाऊन गेलं असंल."

मी तसंच सांगितलं. आजी हसल्या. हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला.

"राहूनच गेलं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त या एका कागदावर. मी त्यांना जेवायला हाक मारली होती."