खिडकीजवळच्या सीटवर आईचं नाव

डब्लिनहून वेस्टपोर्टला जाणाऱ्या गाडीत सीट राखून ठेवली, की सीटच्या वर दिव्यांच्या बारीक अक्षरांत आपलं नाव उमटतं. त्या शनिवारी माझ्या डोक्यावर माझं नाव होतं आणि शेजारच्या, खिडकीजवळच्या सीटवर इंग्रजीत तीनच अक्षरं होती: आई. आई मात्र नागपुरात होती.

तिकीट काढताना ती माझ्याशेजारीच बसली होती. मी तिचं पासपोर्टवरचं भलंमोठं नाव टाईप करायला लागलो, तर म्हणाली, "एवढं काऊन लिहून राहिला? आई लिही ना." मीही हसून तेवढंच लिहिलं. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

ती माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. आली त्याच दिवशी तिनं विमानतळावरून या गाडीचं एक पत्रक उचललं. त्यावर तपकिरी माळ, मधून जाणारी गाडी आणि मागे डोंगर असा फोटो होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या प्रेसवर तिनं ते चिकटवलं. दर शुक्रवारी विचारायची, "उद्या जायचं का?" मी म्हणायचो, हे सॉफ्टवेअर एकदा रिलीज होऊन जाऊ दे, मग जाऊ. मी सकाळी आठला ल्यूकनच्या घरून निघून सिटीवेस्टच्या ऑफिसात जायचो, सातला परत यायचो आणि जेवण झालं की पुन्हा अमेरिकेबरोबर मीटिंग. मी एकटा राहतो, मला त्याची सवय आहे. दिवसा आमच्या वसाहतीत चिटपाखरूही नसतं. आई पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असायची.

शेवटी एकदाची त्या प्रवासाची तारीख ठरली आणि तिकिटं काढली. त्या तारखेला महिना असताना मी एक दिवस दुपारीच घरी आलो, तर पोस्टमन आमच्या सोफ्यावर बसून चहा पीत होता. समोर बशीत चिवडा. आईला इंग्रजीची चार वाक्यं येतात आणि त्याला मराठीचं एकही नाही, तरी दोघं खळखळून हसत होती. मला पाहून तो उठला, "चहा एकदम ग्रँड" असं काहीसं म्हणाला आणि गेला. मग मी तोंड सोडलं. अनोळखी माणसाला घरात घेतेस, काही कळतं का, हे काय नागपूर आहे का, असं बरंच बोललो. मला राग आला की आवरत नाही. नंतर पस्तावतो, पण कबूल करत नाही. घराण्यात हे कुणात नाही, माझी स्वतःची कमाई आहे.  आईनं बशी विसळली आणि नागपूरला माझ्या ताईला फोन लावला. आठवड्याभरात, तीन महिने पुरे व्हायच्या आधीच, मी तिला विमानतळावर सोडलं.

त्यानंतर फोन रोज व्हायचा. "जेवला का? बरं. ठेवते." एवढंच. माझी आई अनोळखी माणसाशीसुद्धा तासभर बोलते. मी कुठेही निघालो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाजूले कोण आहे?" विमान असो नाहीतर बस. माहीत नाही म्हटलं तर विचारायला लावायची. तीन आठवडे तिनं मला काहीच विचारलं नव्हतं.

तरी मी निघालो. तू आली नाहीस म्हणून माझं काही अडत नाही, हे दाखवायला निघालो. कुणाला दाखवणार होतो, कोण जाणे. प्रवासाला जातोय हे तिला सांगितलंसुद्धा नव्हतं.

गाडी गच्च भरली होती. पण इथली माणसं अशी, की पाय दुखेपर्यंत उभी राहतील, दुसऱ्याच्या नावाच्या सीटवर बसणार नाहीत. केकचा मोठा डबा सांभाळत उभ्या असलेल्या एका सत्तरीच्या बाईंनी नाव वाचलं आणि मला विचारलं, "तुमच्याबरोबरचं कुणी येणार आहे का?"

"हो," मी म्हणालो. "अ‍ॅथलोनला चढणार आहे."

का म्हणालो? त्या सीटवर कुणी बसलेलं मला बघवलं नसतं, म्हणून. मी स्वतःही खिडकीकडे सरकलो नव्हतो. बाई "बरं बरं" म्हणाल्या आणि दाराशी जाऊन डब्यासकट उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे न पाहण्यात माझा पुढचा तास गेला. आई असती तर तिनं मला उठवून त्यांना बसवलं असतं, आणि त्या केकचा एक तुकडा आतापर्यंत माझ्या हातात असता.

अ‍ॅथलोन आलं.  बरेच लोक उतरले, थोडे चढले, आई काही चढली नाही. गाडी सुटली आणि तिनं रुंद, संथ शॅनन नदी ओलांडली. बाई परत आल्या.

"गाडी चुकली वाटतं त्यांची."

आणखी एक थाप ओठांवर आली होती, पण त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मी म्हणालो, "ती माझी आई. ती येणार नाही."

"अरेरे, देव तिला शांती देवो," त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"नाही, नाही! चांगली ठणठणीत आहे. माझ्यावर रागावून घरी गेली आहे."

बाई मोठ्यानं हसल्या. मी उठून वाट दिली, तशा आत जाऊन आईच्या नावाखाली बसल्या. "मग फोन कर ना बाळा," म्हणाल्या, "वाट कसली बघतोस?" मी फोन खिशातून काढला आणि परत ठेवला.

पुढे घरं विरळ होत गेली, मग संपलीच. दोन्ही बाजूंना नुसती दलदलीची तपकिरी जमीन, अधूनमधून काळं पाणी. इथे दलदलीची माती वाळवून जाळतात, तिचे कापलेले ओले तुकडे वाळत घातलेले, पण घालणारं कुणी दिसत नव्हतं. ढग इतके खाली, की डोंगर अर्धेच दिसत होते. अर्धा तास मी एक माणूस शोधत होतो. पत्रकावरचा देखावा हाच होता आणि मला तो सहन होत नव्हता. मला इतके दिवस वाटत होतं, आईला हा निर्जन माळ बघायचाय. निर्जन तर ती रोज बघत होती, माझ्या घराच्या खिडकीतून. तिला गाडीत बसायचं होतं. गाडीत माणसं असतात.

शेतांच्या मधोमध एका छोट्या फलाटावर गाडी थांबली. फोनला रेंज आली. मी व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात संध्याकाळ होती, आईच्या मागे देवघरातला दिवा दिसत होता.

"काऊन रे? बरा आहेस ना?"

"ट्रेनमध्ये आहे. त्या पत्रकावरच्या."

 मला वाटलं, आता 'ठेवते' म्हणणार. मग हळूच म्हणाली, "बाजूले कोण आहे?"

 मी आधी वरचं नाव दाखवलं, मग बाईंना. बाईंनी केकचा डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. आई हसली आणि तिनं हात जोडले. गाडी सुटली.

"आई, चुकलं माझं," मी म्हणालो. "त्या पोस्टमनला चहा दिलास त्यात काही वाईट नव्हतं. उगाच बोललो मी."

"दोन चमचे साखर लागे त्याले," ती म्हणाली. "तिसऱ्या बिस्किटाले नाही म्हणे, मग खाऊन टाके."

म्हणजे तो त्या एकाच दिवशी आलेला नव्हता. ती इथे होती तोवर हे मला ठाऊक नव्हतं.

"आता तो येते का?" तिनं विचारलं. "भेटला तर सांग, मी त्याची आठवण काढत होती म्हणून."

"येत असेल गं. पण मी दिवसभर घरी नसतो ना, आई."

"हाव," आई म्हणाली. "मले माहीत आहे."