उभ्यानं कापलेले केस

रूफस टॉलिव्हर म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा माणूस. गॅरी या अमेरिकी गावातल्या त्याच्या सलूनमध्ये कात्रीपेक्षा बास्केटबॉलच्या गप्पा जास्त चालायच्या. त्यात भाचा डेव्हान्टे शाळेच्या संघात चमकू लागला, आणि याचे पाय जमिनीला लागेनात.

बुटांच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा पोरगा बारावीत होता. कॉलेज सोड, सरळ परदेशी क्लबकडून पैसे घेऊन खेळ, तुझ्या नावाचा बूट आम्ही काढतो, असं त्याचं म्हणणं. डेव्हान्टेला तेच हवं होतं. पण आईमागे मामानंच वाढवलेला पोर. त्यानं मामाकडे पाहिलं.

"एक वर्ष कॉलेजात खेळेल," रूफसनं पाहुण्याला दार दाखवलं. "दर शनिवारी टीव्हीवर दिसेल. मार्चची देशभरच्या कॉलेजांची स्पर्धा झाली की या, तिप्पट घेऊन!"

शाळेच्या जिममध्ये टोप्यांचा समारंभ झाला. टेबलावर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या; पोरगा जी घालेल, ते कॉलेज पक्कं. डेव्हान्टेचा हात लहान कॉलेजच्या टोपीकडे गेला. तिथे त्याला पहिल्या दिवसापासून खेळवणार होते. मागे रूफस खाकरला. पोरानं बड्या कॉलेजची टोपी डोक्यावर चढवली आणि गाव नाचलं.

बड्या कॉलेजात त्याच्या जागेवर दोन थोराड गडी होते, दुसऱ्या कॉलेजांतून फोडून आणलेले. डेव्हान्टे राखीव खेळाडूंच्या बाकावर. टीव्हीवर मात्र दर शनिवारी दिसला, मांडीवर टॉवेल आणि हनुवटीला हात. कॅमेरेवाल्यांना तो चेहरा भारी आवडला. मार्चपर्यंत त्याच्या पेंगण्याचा व्हिडिओ देशभर फिरला. बूटवाला रूफसचा फोन उचलेना.

मग एक जाहिरात आली. आरामखुर्च्यांच्या दुकानाची. 'बसावं तर डेव्हान्टेसारखं!'

"मामा, नाही म्हणू ना?" पोरानं फोनवर विचारलं.

रूफसला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण चुकलो म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"नाही कशाला? कॉलेजमुळेच मिळाली ना जाहिरात? मी म्हणत होतो तेच झालं. कर सही!"

चौकात भलामोठा फलक लागला. दुकानानं एक खुर्ची सलूनला फुकट धाडली. उन्हाळ्यात डेव्हान्टे केस कापायला आला, तेव्हा तिच्यात रोज गप्पांना येणारा म्हातारा क्लीटस पसरला होता. तो लगबगीनं उठला.

"या राजे! सिंहासन गरम करून ठेवलंय. बसण्यात तुमचा हात कोण धरणार!"

सलून खदखदून हसलं. सवयीनं रूफसही हसला. ते डेव्हान्टेनं आरशात पाहिलं.

"उभ्यानंच काप, मामा."

एवढा उंच पोर. रूफसला स्टुलावर चढावं लागलं. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "बाळा, गंमत करतात रे." केस झटकून डेव्हान्टेनं भिंतीवरचा दर वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा मामाच्या हातावर पैसे ठेवले.