पालथ्या मुडद्याची पाठ

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या वंदनाताईला लहानपणापासून माहीत आहे. पण कळंबला मी जो घोळ घातला ना, त्यानंतर ते आमच्या सगळ्या चौक गावाला कळलं. काय झालं, ऐकाच.

ताईची सायली, माझी भाची. तिचं आणि कळंबच्या निलेशचं एकमेकांवर मन बसलेलं. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं, एवढंच उरलं होतं. ताई आणि मी सायलीला घेऊन निघालो, तेव्हा तिने माझा हात धरला.

"मामा, तिथं जास्त बोलू नको रं. मला हेच घर पायजे हाय."

"एक शब्द बोललो तर नाव बदल," मी म्हणालो.

घर झकास. ओटीवर चहा आला. निलेशचे वडील काशिनाथराव अगदी शांत माणूस, नुसते हसायचे. आणि शांतता मला सोसत नाही हो! कोपऱ्यातला टीव्ही दिसला आणि मी विचारलं, "आपल्या भागात शूटिंग झालेली ती खुनाची मालिका बघितली का?"

"बघितली की," काशिनाथराव म्हणाले.

झालं! सहा भाग मी दोनदा बघितले होते.

"चांगल्याला चांगलं म्हणायला पाहिजे," मी मांडी ठोकली. "भातखाचरांवरचं ते धुकं, ती कमी बोलणारी फौजदारीणबाई, दर भागात संशय नव्या माणसावर. वा! पण गोष्ट चार भागांची, ताणली सहा. त्यातली गावची माणसं बोलतात ती कुठल्या गावची, देव जाणे. आणि खुनी सापडतो कसा? आपणहून रडून सांगतो! मग फौजदारीण कशाला ठेवली?"

काशिनाथराव मान डोलवत होते. मला चेव आला. ताईने चिमटा काढला, मला वाटलं डास.

"आणि तो मुडदा! खाचरात पालथा पडलाय, आणि पाठ बघा, खालीवर, खालीवर! लावणी करून दमलेला माणूस झोपलाय जणू. असल्या माणसाला कोण काम देतं हो?"

निलेश जमिनीकडे बघायला लागला. त्याच्या आईने तोंडाला पदर लावला.

"मला दिलं," काशिनाथराव म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, "पण... पाठ छान आलीय तुमची!"

सायलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बघून मी कप खाली ठेवला. पोरीचं घर मी एका चहात घालवलं होतं.

"मामा, गार चिखलात किती येळ दम धरणार?" काशिनाथराव शांतपणे म्हणाले. "पण मोठी खोट तुमी काढलीच नाय. मारला कुनी, हे समदे इचारतात. मेला तो कोन व्हता, हे कुनी इचारलं? मी त्या डायरेक्टरला म्हनलो, सायेब, या मानसाला पोरंबाळं हायत का? तो म्हनला, काका, तुमी फकस्त पडा."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. दोनदा बघून मी धुकं लक्षात ठेवलं, पाठ लक्षात ठेवली. त्या मेलेल्या माणसाचं नाव मात्र काही केल्या आठवेना.

"मग... पोरांचं काय करायचं?" ताईने भीतभीत विचारलं.

"काय म्हंजे? पोरगी आमची झाली," काशिनाथराव म्हणाले. "अट एकच. लग्नात मामानं मुडद्यावानी गप ऱ्हायचं."

लग्नात मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही, पापणीसुद्धा जपून हलवली. पुढे व्हिडिओ आला, तेव्हा व्याह्यांनी मला मुद्दाम कळंबला बोलावलं. सगळं घर टीव्हीसमोर बसलं.

काशिनाथरावांनी चष्मा लावून माझं काम नीट बघितलं. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"मामा, प्वाट बघा. खालीवर, खालीवर! असल्या मानसाला कोन काम देतं हो?"